पत्ता दिसतो, माणूस दिसत नाही

(दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांची खटखट. काचेच्या पार्टिशनमागे एक जुना कॉम्प्युटर.)

या कॉम्प्युटरवर टॉवेलची आणि चादरीची डिझाईन्स होतात. बिलं निघतात, जीएसटी भरला जातो, लाइट गेली की यूपीएस ओरडतो. आणि याच कॉम्प्युटरवर, घरात कुणाला न सांगता घेतलेल्या बिटकॉइनचं वॉलेट होतं. या तरुण कारखानदाराचं नाव आपण घेणार नाही, चेहराही दाखवणार नाही. त्याची ती अट आहे, आणि रास्त आहे.

(दृश्य: स्क्रीन जवळून.)

सकाळी वॉलेट उघडल्यावर त्याला काय दिसलं, ते बघा. व्यवहारांच्या यादीत सगळ्यात वर एक नवी ओळ. वेळ मध्यरात्रीनंतरची. रकमेच्या आधी वजाचं चिन्ह. शेजारच्या रकान्यात शिल्लक: शून्य, दशांशचिन्ह, आणि पुढे शून्यच शून्य. ओटीपी नाही, मेसेज नाही, कस्टमर केअरचा नंबर नाही. फोन करायचा तर कुणाला?

त्याने मित्राला केला. मित्र म्हणाला, "व्हायरस असंल बे. फॉरमॅट मार, सगळं साफ होतंय."

फॉरमॅट मारला असता तर खरंच सगळं साफ झालं असतं. चोर कोणत्या वाटेने आत आला, कोणती फाईल कधी उघडली गेली, याचा जो काही माग होता तो याच हार्डडिस्कवर होता. सुदैवाने त्या दिवशी एक ऑर्डर निघायची होती आणि तिची डिझाईन्स त्याच डिस्कवर होती, म्हणून फॉरमॅट राहून गेला. पुरावा वाचला तो टॉवेलच्या ऑर्डरमुळे!

आता मुळाशी जाऊ. नाणी कॉम्प्युटरमध्ये नसतातच. कुठल्या पत्त्यावर, म्हणजे खातेक्रमांकासारख्या अक्षरमाळेवर, किती बिटकॉइन आहेत, याची वही जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी असते. आपल्याकडे असते ती फक्त त्या पत्त्यावरची रक्कम हलवायची गुप्त किल्ली. बहुतेक वॉलेट्स ती किल्ली 12 किंवा 24 इंग्रजी शब्दांच्या रूपात लिहून ठेवायला देतात. 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतले हे शब्द, ठरलेल्या क्रमाने. त्याला सीड म्हणतात. ज्याच्याकडे सीड, त्याचा माल. वही नाव विचारत नाही.

आपल्या कारखानदाराने हे 12 शब्द नोटपॅडमध्ये लिहून डेस्कटॉपवर ठेवले होते. फाईलचं नाव दिलं होतं, "जुनी बिलं". माणसाला चकवायला नाव ठीक आहे. पण माहिती चोरणारे प्रोग्राम नाव वाचत बसत नाहीत. डेस्कटॉपवरच्या, डॉक्युमेंट्समधल्या सगळ्या टेक्स्ट फाईल्स ते उचलतात. सोबत वॉलेटची फाईल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आणि आपण जिथे जिथे लॉगइन आहोत तिथल्या कुकीजही, म्हणजे पासवर्डशिवाय आत सोडणाऱ्या खुणेच्या फाईल्स.

असा प्रोग्राम आत आला कसा? डिझाईनचं सॉफ्टवेअर महाग म्हणून क्रॅक केलेली आवृत्ती उतरवली होती. इन्स्टॉल करण्याच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. सोलापुरात, इचलकरंजीत, मालेगावात किती कॉम्प्युटरवर ही ओळ मुकाट्याने पाळली जाते, ते धंद्यातल्या लोकांना मी सांगायला नको.

(दृश्य: कॉपी केलेला पत्ता आणि पेस्ट झालेला पत्ता, शेजारी शेजारी.)

आणखी एक प्रकार याहून साधा. तुम्ही पैसे पाठवायला पत्ता कॉपी करता आणि पेस्ट करता. मधल्या क्षणात प्रोग्राम तो पत्ता बदलून चोराचा टाकतो. बघा, पहिली अक्षरं अगदी सारखी आहेत. मधली बदलली आहेत. ही लांबलचक अक्षरमाळ अख्खी कोण ताडून बघतो?

हे दुखणं आजचं नाही. जून 2011 मध्ये परदेशात एकाने आपल्या विंडोज कॉम्प्युटरवरून 25,000 बिटकॉइन चोरीला गेल्याचं जाहीर केलं. तेव्हाच्या भावाने साधारण 5 लाख डॉलर. त्या काळी बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये वॉलेटच्या फाईलला पासवर्डची सोयच नव्हती. ती आली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. पुढे डिसेंबर 2018 मध्ये इलेक्ट्रम या लोकप्रिय वॉलेटच्या वापरकर्त्यांना, वॉलेटमध्येच, खोट्या अपडेटचा संदेश दिसू लागला. ज्यांनी तो अपडेट घेतला त्यांची वॉलेट्स रिकामी झाली.

मग असं झालं तर करायचं काय?

नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. मशीन तसंच राहू द्या. आणि मग पासवर्ड बदलायच्या मागे लागू नका, निदान वॉलेटचा तरी नको. किल्लीची नक्कल चोराच्या खिशात असताना कपाटाला नवा रंग देऊन काय होणार? तेच 12 शब्द नव्या फोनमध्ये टाकून वापरत राहिलात तरी तेच. त्याच सीडवर इथेरियम, ट्रॉन अशी दुसरी क्रिप्टो नाणी असतील, तर तीही उघड्यावर आहेत. उरलंसुरलं वाचवायचं तर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावर नवं सीड तयार करून सगळं तिकडे हलवावं लागतं, आणि ते त्याच तासात. मात्र एक सापळा असतो. इथेरियमच्या वहीवर चालणारी इतर नाणी, म्हणजे टोकन, हलवायला इथेरियममध्ये फी लागते, म्हणून लोक जुन्या वॉलेटमध्ये थोडं इथेरियम पाठवतात. चोराचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, टपून असतो. फी पोचताक्षणी तीही जाते.

चोरीचा व्यवहार अजून पक्का झालेला नसेल, तर बिटकॉइनमध्ये एक फट असते. व्यवहार पक्के होतात ते गठ्ठ्यांनी. अशा गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात, आणि नवा ब्लॉक वहीला सरासरी 10 मिनिटांनी लागतो. तोवर तीच नाणी जास्त फी देऊन स्वतःच्याच नव्या पत्त्यावर पाठवायचा प्रयत्न करता येतो, कारण किल्ली तुमच्याकडेही आहे. पण त्यासाठी ऐन वेळी जागं असायला हवं आणि हात बसलेला हवा. बहुतेकांना चोरी कळते ती न्याहारीच्या वेळी.

ईमेलचा पासवर्ड मात्र बदला, दुसऱ्या उपकरणावरून, आणि सगळीकडून लॉगआउट व्हा.

(दृश्य: ब्लॉकचेन एक्सप्लोरर, म्हणजे ती जगभरची वही कुणालाही उघडून बघता येते अशा वेबसाइटचं पान. एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्याकडे जाणारे बाण.)

आता या चोरीतला सगळ्यात विचित्र भाग. माल कुठे गेला ते दिसतं. प्रत्येक व्यवहाराला 64 अक्षरी क्रमांक असतो. तो इथे टाकला की चोराचा पत्ता समोर. तिथून पुढे दोन पत्ते, चार पत्ते. आपला कारखानदार रात्र रात्र हे बाण बघत बसायचा. पत्ता दिसतो, माणूस दिसत नाही. नाव जोडलं जातं ते नाणी एखाद्या एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, विकायला आली की, कारण तिथे केवायसी असतं. एक्स्चेंजला नोटीस पाठवून खातं गोठवायला लावणं हे पोलिसांचं काम. तुमच्या ईमेलवर एक्स्चेंज कुणाची माहिती देणार नाही, आणि देऊही नये. टेदरसारखं नाणं असेल, तर ते काढणारी कंपनी पोलिसांच्या विनंतीवरून पत्ताच गोठवू शकते. बिटकॉइनला असा मालक नाही.

माग वर्षानुवर्षं टिकतो, हे मात्र खरं. बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून ऑगस्ट 2016 मध्ये 1,19,754 बिटकॉइन गेले. फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेत एक जोडपं पकडलं गेलं आणि 94,000 हून अधिक बिटकॉइन जप्त झाले. किल्ल्या सापडल्या कुठे? आरोपीच्या क्लाउड खात्यातल्या एका फाईलमध्ये. तिला कुलूप होतं, ते तपास यंत्रणेने उघडलं. चोरानेही किल्ल्या फाईलमध्येच ठेवल्या होत्या!

आपल्याकडे पहिला फोन 1930 ला. हा आकडा सोलापूरकराला पाठ करायला नको. मार्शल लॉचं साल आहे ते, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्याला ते माहीत असतं. ही हेल्पलाईन मुख्यतः बँकेतले, यूपीआयचे पैसे वाटेत अडवण्यासाठी उभी राहिली. तुमच्या वॉलेटमधून चोराच्या वॉलेटमध्ये गेलेल्या नाण्यांच्या वाटेत बँकच नाही, तेव्हा तसं अडवणं जमत नाही. तरीही तक्रार हवीच. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ती नोंदवता येते. त्यानंतर पोलीस ठाणं. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालय, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडचे असाल तर ग्रामीण पोलीस. हद्दीवरून कुणी परत पाठवू लागलं, तर झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवायची तरतूद आहे, ती शांतपणे सांगा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अशाच प्रकारासाठी आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जाताना काय न्यायचं? इथे बहुतेक जण रिकाम्या हाताने जातात. वहीत तुमचं नाव नाही, मग नाणी तुमची कशावरून? बँकेचं स्टेटमेंट, ज्यातून एक्स्चेंजला पैसे गेले. एक्स्चेंजचं स्टेटमेंट, ज्यात खरेदी आहे. आणि एक्स्चेंजवरून तुमच्या वॉलेटवर नाणी काढल्याची नोंद, व्यवहार क्रमांकासकट. ही साखळी जुळली की तुमचा पत्ता तुमचा ठरतो. मग चोरीचा व्यवहार क्रमांक, चोराचा पत्ता, वेळ. छापून न्या, आणि पेन ड्राइव्हवरही, कारण 64 अक्षरं हाताने उतरवताना एक जरी चुकलं तर सगळी मेहनत वाया.

अनेक जण जातच नाहीत. क्रिप्टो बाळगणं हाच गुन्हा, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांसाठी सेवा द्यायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं. 1 एप्रिल 2022 पासून सरकार नफ्यावर 30 टक्के कर घेतं. ऑक्टोबर 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता असल्याचं म्हटलं. पोलिसांपेक्षा लोक घरच्यांना जास्त घाबरतात, असं माझं मत आहे. वडिलांना कळेल, भाऊबंदांत चर्चा होईल, ही ती भीती.

आणि याच भीतीवर दुसरी टोळी जगते.

(दृश्य: मोबाईलवर टेलिग्रामचे संदेश. नावं झाकलेली.)

"ब्रदर, आमच्याकडे एथिकल हॅकर आहे." "तुमची नाणी आम्हाला दिसतायत, फक्त 10 टक्के आधी भरा." नाणी दिसतायत हे खरंच आहे, ती सगळ्या जगाला दिसतायत. पक्का झालेला व्यवहार मात्र कुणालाच उलटा फिरवता येत नाही. कुणी "वॉलेट व्हेरिफाय" करायला तुमच्या नव्या सीडचे शब्द मागेल, तर तो दुसरा चोर समजा. आपल्या कारखानदाराने अशा एकाला आगाऊ रक्कम दिली. ही चोरी यूपीआयवर झाली होती, म्हणून तिची तक्रार 1930 वर लगेच घेतली गेली.

समजा तपास पुढे सरकला आणि नाणी हाती लागली, तर ती मुद्देमाल ठरतात आणि परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागतो. पुण्यात 2018 च्या बिटकॉइन फसवणुकीच्या प्रकरणांत पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच, नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, मार्च 2022 मध्ये अटक झाली होती. तेव्हा जप्ती झालीच, तर नाणी कोणत्या पत्त्यावर ठेवली, किती, कोणत्या व्यवहार क्रमांकाने, हे पंचनाम्यात आलं आहे का ते वकिलाकरवी बघा आणि पंचनाम्याची नक्कल मागून घ्या. तो पत्ता मग तुम्हालाही घरबसल्या तपासता येतो.