जुलैत लिहिलेली एप्रिलची यादी

(अमेरिकन फुटबॉलच्या एन.एफ.एल. या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात, त्या ‘ड्राफ्ट’च्या आगाऊ अंदाजांवरील व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, एप्रिलमधल्या शनिवारी सातवी फेरी संपते, शेवटच्या खेळाडूचं नाव पुकारलं जातं आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत पुढच्या वर्षीच्या पहिल्या बत्तीस जणांची अंदाजी यादी, म्हणजे ‘मॉक ड्राफ्ट’, फिरू लागते. पुढचा कॉलेज हंगाम अजून चार महिने लांब असतो. तरी जुलैपर्यंत अशा पंधरा-वीस याद्या तयार होतात आणि त्यांच्यावरून घराघरांत वाद रंगतात. मला हे वाद आवडतात. तक्रार आहे ती निकाल लावण्याच्या पद्धतीबद्दल. एप्रिल आला की लोक यादी काढतात, बत्तीसपैकी किती नावं जुळली ते मोजतात, आणि ‘अकराच बरोबर’ म्हणून यादी लिहिणाऱ्याला मोडीत काढतात. ही मोजणीच चुकीची आहे. ती कशी करावी हे सांगायला मी इथे उभा आहे. पण आधी १९९४.

ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर मेल काइपर १९८४पासून ड्राफ्टचं विश्लेषण करत होते. १९९४मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्स या संघाकडे दुसरी निवड होती. तिच्यावर संघाने मार्शल फॉक हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घेतला, आणि त्यावर कुणाचीच तक्रार नव्हती. मग कोल्ट्सनी निवडींच्या अदलाबदलीचा व्यवहार करून सातव्यावरून पाचव्या क्रमांकावर उडी मारली. काइपर यांना खात्री होती की आता फ्रेस्नो स्टेटचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवून पास फेकणारा) ट्रेंट डिल्फर घेतला जाणार. कोल्ट्सनी नेब्रास्काचा लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) ट्रेव्ह अल्बर्ट्स घेतला. काइपर थेट प्रक्षेपणात कडाडले: कोल्ट्स दरवर्षी तळाला राहतात आणि दरवर्षी वरच्या क्रमांकावर निवड करतात, ते असल्याच निर्णयांमुळे. कोल्ट्सची निवड ठरवणारे बिल टोबिन यांनी कॅमेऱ्यासमोरच उलट विचारलं, हा मेल काइपर आहे तरी कोण? आमच्या शेजारी एक पोस्टमन राहतो, त्याच्यापेक्षा याची पात्रता कशात जास्त?

हा प्रसंग तीस वर्षं दाखवला जातोय, आणि दर वेळी ‘शेवटी काइपर खरे ठरले’ असा त्याचा समारोप होतो. खरंच? अल्बर्ट्स तीन हंगामांत २९ सामने खेळला, दुखापतींनी जेरीला आला आणि १९९७मध्ये निवृत्त झाला. एवढं काइपर यांच्या बाजूने. पण डिल्फर लगेच पुढच्याच क्रमांकावर, सहाव्यावर, टँपा बेकडे गेला. १९९५मध्ये त्याने ४ टचडाऊन (गुण मिळवून देणारे) पास दिले आणि १८ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास. त्याच हंगामात कोल्ट्स क्वार्टरबॅक जिम हार्बॉला घेऊन कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले. पुढे डिल्फर बॉल्टिमोरकडून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तो मुख्यतः संरक्षणाच्या जोरावर. म्हणजे क्वार्टरबॅक न घेण्याचा टोबिन यांचा निर्णय फार वाईट नव्हता. फसला तो अल्बर्ट्स, आणि त्याचं शरीर असं मोडेल हे काइपर यांनीही सांगितलं नव्हतं.

त्या भांडणात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. एक, हा खेळाडू कितव्या क्रमांकाला जाईल? दोन, तो पुढे कसा खेळेल? पहिला बाजारभावाचा प्रश्न, दुसरा मालाचा. काइपर पहिल्याचं उत्तर चुकले आणि दुसऱ्याचं अर्धं बरोबर आले. आजही आपण बाजारभावाची यादी वाचतो आणि मालावरून भांडतो.

हे दोन प्रश्न किती वेगळे, ते पहिल्याच ड्राफ्टने दाखवलं होतं. १९३६, फिलाडेल्फिया, फळ्यावर ९० नावं. पहिला क्रमांक जे बर्वँगरचा. बाजारभावाचा अंदाज अगदी अचूक म्हणावा असा. पण गडी एकही व्यावसायिक सामना न खेळता फोम रबरच्या धंद्यात गेला. आणि २०००चा टॉम ब्रेडी तुम्हाला सांगायला नको: सहावी फेरी, १९९वा क्रमांक, चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद. तो सहाव्या फेरीत जाईल असं म्हणणाऱ्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, हे लक्षात घ्या.

आता जुलैच्या याद्यांकडे. माझं आवडतं वर्ष २०१९. तेव्हा २०२०च्या पहिल्या क्रमांकासाठी अलाबामाचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ याचा बोलबाला होता. लुइझियाना स्टेटचा क्वार्टरबॅक जो बरो चर्चेत जवळपास नव्हताच. ओहायो स्टेट सोडून आलेला, २०१८मध्ये १६ टचडाऊन आणि ५८ टक्क्यांच्या आसपास पूर्ण पास. जुलैत हे आकडे पाहून त्याला पहिल्या फेरीत न धरणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण त्या आकड्यांच्या पोटात दोन खुणा होत्या. पहिली: १ जानेवारी २०१९चा फिएस्टा बोल हा हंगामाअखेरचा सामना, सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध ३९४ यार्ड आणि ४ टचडाऊन. नव्या संघात रुळायला हंगाम गेला आणि शेवटच्या सामन्यात हात मोकळा झाला. दुसरी: त्याच हिवाळ्यात न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी हा तरुण प्रशिक्षक पासिंगचा खेळ बसवायला आला. पास झेलणारे जमार चेस आणि जस्टिन जेफरसन संघात होतेच. पुढे काय झालं? ६० टचडाऊन, ६ इंटरसेप्शन, ७६.३ टक्के पूर्ण पास, १५ पैकी १५ सामने जिंकले, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार आणि ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक. टुआचं कंबरेचं हाड नोव्हेंबरात निखळलं, तरीही तो पाचवा गेला.

उलटं उदाहरण स्पेन्सर रॅटलर. २०२१च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमाचा हा क्वार्टरबॅक अनेक याद्यांत पहिला होता. ऑक्टोबरात टेक्ससविरुद्ध त्याला मध्येच बाकावर बसवलं आणि केलेब विल्यम्सला उतरवलं. विल्यम्स २०२४ला पहिला गेला. रॅटलर त्याच ड्राफ्टमध्ये १५०वा. त्याच उन्हाळ्यातला दुसरा लाडका केव्हॉन थिबोडो २०२२ला पाचवा गेला, आणि पहिला गेला जॉर्जियाचा ट्रॅव्हॉन वॉकर. हंगामात वॉकरचे फक्त ६ सॅक (पास देण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), कारण जॉर्जियाने त्याला बऱ्याचदा आतल्या बाजूला खेळवलं. मग कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या खेळाडूंच्या चाचण्यांना, २७२ पौंडांचा हा गडी चाळीस यार्ड ४.५१ सेकंदांत धावला, आणि भाव चढला.

संयोजकांनी दहा मिनिटांची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा जाहीर केलेला विषय आता भरभर घेतो.

यादी हातात आली की आधी संघांचा रकाना झाका. निवडीचा क्रम अजून न झालेल्या हंगामाच्या हारजितीवर ठरतो. जुलैत तो सुपर बोलच्या सट्ट्याचे भाव उलटे लावून भरलेला असतो. मग नावांना चाळणी लावा. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाली आहेत का? झाली असली, तरी चौथ्या वर्षाआधी येणाऱ्याला जानेवारीच्या मध्यापर्यंत नाव द्यावं लागतं, आणि एन.एफ.एल.ची सल्लागार समिती त्याला तीनच उत्तरं देते: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा कॉलेजातच थांब. २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, त्यामुळे थांबणं आता पूर्वीइतकं महाग नाही. थांबण्यात जोखीम मात्र तीच आहे. क्वार्टरबॅक मॅट बार्कली डिसेंबर २०११मध्ये वरच्या निवडीचा मानला जात होता; तो थांबला, खांदा दुखावला आणि २०१३ला ९८वा गेला. दुसरा क्वार्टरबॅक अँड्र्यू लकही थांबला, पण २०१२ला पहिला गेला.

नंतर प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: सुरुवातीपासून खेळलेले सामने, यंदा बदललेला आक्रमणाचा प्रशिक्षक, आणि गेल्या वर्षीचे शेवटचे तीन सामने वेगळे काढून. क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्की नॉर्थ कॅरोलायनात १३ सामनेच सुरुवातीपासून खेळला होता, तरी २०१७ला दुसरा गेला. त्याच वर्षी पॅट्रिक माहोम्स दहावा. कमी सामने म्हणजे वाईट खेळाडू असं मी म्हणत नाही. कमी सामन्यांवरचा भाव दोन्ही बाजूंना जोरात हलतो, एवढंच. दुखापतीचा रकाना फेब्रुवारीपर्यंत कोराच ठेवा, कारण खरी वैद्यकीय तपासणी इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये होते.

आता मोजणी. डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, माईक मकॉय यांनी निवडींच्या अदलाबदलीसाठी गुणांचा तक्ता केला. पहिली निवड ३०००, दुसरी २६००, पाचवी १७००, सोळावी १०००, तिसावी ६२०, तेहतिसावी ५८०, चौतिसावी ५६०. हा तक्ता खेळाडूची खरी किंमत सांगत नाही. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या संशोधकांनी दाखवलंय की वरच्या निवडींना संघ जास्तच किंमत मोजतात, आणि एकाच जागेच्या दोन लागोपाठच्या खेळाडूंत आधी निवडलेला पुढे वरचढ ठरण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपासच असतं. पण मॉक ड्राफ्ट बाजारभावाचाच अंदाज असतो, म्हणून त्याला बाजाराचं हे माप बरोबर लागू पडतं.

कृती अशी. यादीतल्या क्रमांकाचे गुण आणि प्रत्यक्ष क्रमांकाचे गुण, दोन्हींतला फरक काढा. पहिल्या बत्तिसांत न धरलेल्या नावाला तेहतिसावा धरा. तिसावा सांगितलेला चौतिसावा गेला तर चूक ६० गुणांची, आणि नावं जुळवणारे इथे पूर्ण शून्य देतात. पहिला सांगितलेला पाचवा गेला तर चूक १३००ची, आणि नावं जुळवणारे तिथे पैकीच्या पैकी देतात! यादीत नसलेला वॉकर पहिला गेला, चूक २४२०. सगळ्यांची बेरीज करा. जिची बेरीज कमी, ती यादी चांगली. खेळाडू कसा निघाला याची वही वेगळी ठेवा आणि ती पाच हंगामांनी उघडा.

तुमच्यापैकी ज्यांनी यंदाच्या याद्या छापून आणल्या आहेत, त्यांनी पुढे या. तक्त्याच्या प्रती टेबलावर आहेत.