वारस लावताना

(दृश्य: नाशिक. सकाळचं रामकुंड. पायऱ्यांवर दहाव्याला जमलेली माणसं.)

पिंड ठेवला की सगळ्यांचे डोळे कावळ्याकडे लागतात. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय, याचा अंदाज जो तो मनात बांधत असतो. मागे लहान मुलं असतील तर अंदाज बांधावा लागत नाही. कुणीतरी पुढे होतं, हात जोडतं आणि म्हणतं, "पोरांची काळजी करू नको, आम्ही आहोत."

बोलणारा मनापासून बोललेला असतो. पण तेरावं उरकतं, कपाट उघडलं जातं, पासबुकं आणि सातबारा बाहेर येतो, आणि घरात विषय निघतो: नाव कुणाचं लावायचं?

(दृश्य: मखमलाबादकडचा रस्ता. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा.)

समजा, इथली एक आई. वडिलांच्या वारसाने तिच्याकडे आलेली वीस गुंठे जमीन, बँकेत थोडी ठेव, विम्याची एक पॉलिसी. नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं. मुलांच्या वडिलांशी तिचं लग्न झालेलं नव्हतं. ती अचानक गेली.

भाऊबंद म्हणतात, "लग्नच नव्हतं, मग पोरांचा वाटा कसला? माहेरची जमीन माहेरी परत येते." हे अर्धंच खरं आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात माहेरची जमीन माहेरी परत जाते ती बाईला मूलबाळ नसेल तेव्हा. इथे तर दोन मुलं समोर उभी आहेत. कायदा त्यांना 'अनौरस' म्हणतो, आणि हा शब्द मुलांच्या कपाळी मारावा असं मला वाटत नाही. पण त्याच कायद्याने त्यांचं आईशी आणि एकमेकांशी नातं पूर्ण मानलंय. आईने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिच्या मालमत्तेचे वारस ती मुलंच. मामा नाही, आजीही नाही.

नातं सिद्ध होतं जन्मदाखल्याने. बापाचं नाव नाही म्हणून कित्येक आयांनी तो काढलेलाच नसतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2015 मध्ये स्पष्ट सांगितलं, की अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की तिला मुलाचा जन्मदाखला द्यायचा. न्यायालयाचा उलट आदेश नसेल, तर अडवायचं नाही.

(दृश्य: गावचं तलाठी कार्यालय. टेबलावर फेरफाराची वही.)

आता वारस लावायचे. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं. नमुना सहा क या गावच्या नोंदवहीत वारसांची नोंद होते, मग फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, मग सातबारा. 2025 मध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम निघाली, ती अशाच राहून गेलेल्या नोंदींसाठी. कुणी हरकत घेतली, तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला आणावा लागतो. तो ज्या रेग्युलेशनखाली मिळतो, ते 1827 चं आहे, पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षं झाली होती तेव्हाचं.

सातबाऱ्यावर मुलांची नावं चढतात, आणि शेजारी तीन अक्षरं येतात: अ.पा.क. अज्ञान पालन कर्ता, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाच्या वतीने मिळकत सांभाळणारा. खरा धोका या तीन अक्षरांपाशी आहे.

ज्याचं नाव तिथे लागलं, त्याला गावात सगळे मालक समजू लागतात. तो मालक नसतो. आई गेल्यावर कायद्याच्या नजरेत नैसर्गिक पालक होतो तो मुलांचा बाप, मग तो वर्षानुवर्षं फिरकलेला नसला तरी. मामा मुलांना जेवू घालतो, शाळेत सोडतो, तापात रात्र जागतो. पण केवळ सांभाळतो म्हणून त्याला मुलांची एक गुंठाही जमीन विकता येत नाही. आणि बापालाही, जिल्हा न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय, ती विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. न्यायालय एकच पाहतं: यात मुलाची निकड किंवा उघड फायदा आहे का. बापाने परवानगीशिवाय विकलीच, तर मूल अठराचं झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतं.

म्हणून मामाला खरंच सांभाळायचं असेल, तर त्याने नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा. हिशेब द्यावा लागेल, तारखा पडतील. तरीही करावा. त्यात मामाचीही अब्रू राखली जाते.

(दृश्य: बँकेच्या काउंटरवर भरलेला नॉमिनेशनचा अर्ज.)

ठेवीवर भावाचं नाव नॉमिनी म्हणून असेल, तर बँक पैसे त्याच्या हाती देईल. ते त्याचे झाले असं नाही. मुलांच्या वतीने घेतलेली ती रक्कम आहे. पॉलिसीवर मुलांनाच नॉमिनी करता येतं, फक्त ती सज्ञान होईपर्यंत रक्कम कुणी घ्यायची, ते नाव सोबत लिहायचं.

आणि आईऐवजी बाप गेला असता तर? तिथे चित्र पालटतं. लग्न नसेल, तर बापाच्या मालमत्तेत मुलांना आपोआप वाटा मिळत नाही. लग्न झालं होतं पण कायद्याने ते रद्दबातल ठरलं, तर मात्र मुलांना आईबापांच्या हिश्श्यात वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2023 ला तो एकत्र कुटुंबातल्या बापाच्या हिश्श्यापर्यंत नेला. आईबाप दीर्घकाळ नवराबायकोसारखे राहिले असतील, तर न्यायालय लग्न झालं होतं असंही गृहीत धरतं. यातलं काहीच नसेल, तर अज्ञान मुलगा आणि अविवाहित मुलगी बापाच्या वारसांकडे पोटगी मागू शकतात. म्हणजे दाराशी उभं राहून मागायचं. जो बाप मुलाला कडेवर घेऊन गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फिरवतो, त्याने हे मागे ठेवून जाऊ नये.

(दृश्य: नाशिक रोड. इंडिया सिक्युरिटी प्रेसची भिंत.)

1925 पासून ही प्रेस इथे आहे. देशाचे स्टँप पेपर इथे छापले जातात. पण मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. वहीचा साधा कागद, आपली सही, आणि त्या सहीचे दोन साक्षीदार, शक्यतो वाटेकरी नसलेले. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आपली मिळकत आणि एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा त्यात लिहिता येतो. आणि अविवाहित आईला त्यात आणखी एक ओळ लिहिता येते, जी फार कमी जणींना ठाऊक असते: माझ्यामागे माझ्या मुलांचा आणि त्यांच्या मालमत्तेचा पालक कोण. हे सगळं हिंदू कायद्याखालचं. तो बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. बाकी धर्मीयांचे नियम वेगळे आहेत, तिथे त्या कायद्याच्या जाणकारालाच विचारावं.

(दृश्य: पुन्हा तलाठी कार्यालय. दारात एक तरुण मुलगी, हातात जन्मदाखला.)

नऊ वर्षं गेली. मोठी अठरा पूर्ण झाली. तिने अर्ज आणलाय, अ.पा.क. कमी करण्याचा. मामा बाहेर स्कूटरपाशी थांबलाय. ती सही करते. पहिल्यांदाच, स्वतःच्या जमिनीसाठी.