खपवून घेतलेला मुलगा

श्रोतेहो, नमस्कार.

तारीख 25 मे 2013, लंडनचं वेम्बली स्टेडियम. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. घरात सगळे झोपलेले, म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो. दोन्ही संघ जर्मनीचे, बायर्न म्युनिक आणि बोरुसिया डॉर्टमुंड. 1-1 अशी बरोबरी झालेली. डॉर्टमुंडने पेनल्टीवर नुकताच गोल फेडला होता. आणि चार-पाच मिनिटांतच बायर्नचा थॉमस म्युलर गोलरक्षकाला चकवून पुढे गेला. त्याने चेंडू मोकळ्या गोलकडे सोडला. चेंडू काही फार जोरात नव्हता, गडगडत चालला होता. मागून बायर्नचाच आर्येन रॉबेन धावत होता. नुसता पाय लागला असता तरी गोल. तेवढ्यात डॉर्टमुंडच्या पिवळ्या जर्सीतला एक उंच गडी पळत आला, त्याने गवतावर अंग झोकून दिलं आणि लांब पाय टाकून रेषेवरून चेंडू बाहेर काढला. मी आवाज बंद असलेल्या टीव्हीसमोर उभा राहून ओरडलो. घर जागं झालं.

तो गडी म्हणजे नेवेन सुबोतिच. आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने पाहिलेल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. गोल मारणाऱ्याला पोरं खांद्यावर घेतात. गोल वाचवणाऱ्या बॅकच्या नावाने एक आरोळी उठते आणि लगेच विरते. बचावपटूचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. जे घडलं नाही ते कोण लक्षात ठेवणार? पण सुबोतिचच्या बाबतीत मला त्या एका पायामागचं सगळं आयुष्य दिसतं.

त्याचा जन्म 10 डिसेंबर 1988चा, बान्या लुका या गावी. तेव्हा तो देश युगोस्लाव्हिया होता. आज ते गाव बॉस्नियात आहे. कुटुंब सर्ब. देश फुटणार, रक्त सांडणार, याची चाहूल लागली तशी आईवडील नेवेनला आणि त्याच्या बहिणीला घेऊन जर्मनीला आले. नेवेन तेव्हा अगदी लहान. काळ्या जंगलाच्या मुलखात शोमबर्ग नावाचं छोटं गाव आहे, तिथे ते राहिले. आईवडील मिळेल ते कष्टाचं काम करत होते आणि मुलगा जर्मन शाळेत जाऊन गावच्या क्लबात फुटबॉल खेळत होता.

आता एक जर्मन शब्द सांगतो, कारण त्याच्यावाचून ही गोष्ट पुढे जात नाही. डुल्डुंग. बॉस्नियातलं युद्ध 1992 साली पेटलं आणि तिथून सुमारे साडेतीन लाख माणसं जर्मनीत आली. त्यातल्या बहुतेकांना निर्वासित म्हणून कायमचा आसरा मिळाला नाही. त्यांना मिळालं ते डुल्डुंग. म्हणजे तुम्हाला इथे राहण्याचा हक्क नाही, पण सध्या आम्ही तुम्हाला हाकलत नाही. कागदावर मुदत असते. ती संपत आली की कचेरीत जायचं, रांगेत उभं राहायचं, शिक्का मारून आणायचा, पुन्हा काही महिने. या शब्दाला मराठीत मला एकच नेमका शब्द सापडतो, खपवून घेणं. आपण पाहुण्याचं स्वागत करतो आणि खपवून घेतो ते नकोशा माणसाला. एखादं मूल कुठल्या गावात लहानाचं मोठं होतं, तिथली भाषा बोलतं, तिथल्या मैदानात गुडघे फोडून घेतं, आणि घरातल्या कपाटात मात्र असा कागद ठेवलेला असतो.

1995च्या अखेरीस डेटनचा करार झाला, युद्ध थांबलं आणि जर्मनीने या लोकांना परत जायला सांगायला सुरुवात केली. सुबोतिच कुटुंबावरही ती वेळ आली. मागे फिरण्यापेक्षा पुढे जायचं त्यांनी ठरवलं आणि 1999 साली सगळे अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला पोचले. नेवेन दहा वर्षांचा होता. पुन्हा नवी शाळा, नवी भाषा. आधीच्या गावाचा निरोप घ्यायचा तो कसा, कुणाकुणाला सांगायचं, हे दहा वर्षांच्या मुलाला कोण शिकवतं?

बहीण टेनिस खेळायची आणि चांगली खेळायची. तिच्या टेनिससाठी कुटुंब फ्लोरिडात ब्रेडेंटनला आलं. याच गावात अमेरिकेच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल संघाचं निवासी शिबिर चालायचं, हा केवळ योगायोग. नेवेन घराजवळच्या पार्कात एकटाच सराव करत असे. त्या संघाच्या साहाय्यक प्रशिक्षकाने त्याला तिथे पाहिलं. आधी बोलावणं आलं, मग जागा मिळाली, आणि 2005 साली पेरूमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो अमेरिकेकडून खेळला. पुढे साऊथ फ्लोरिडा विद्यापीठाकडून एक मोसम.

आणि मग तो जिथे गेला ते ऐकून मला अजूनही आश्चर्य वाटतं. तो जर्मनीत गेला. ज्या देशाने मुदत संपली म्हणून बाहेर काढलं, त्याच देशात. माइन्झ नावाचा लहानसा क्लब होता आणि तिथे युर्गेन क्लॉप प्रशिक्षक होते. मे 2007मध्ये, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, बायर्नविरुद्ध त्याला पहिल्यांदा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, उतरवलं. माइन्झ त्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरलं. पुढचा मोसम त्याने दुसऱ्या श्रेणीत जवळजवळ पूर्ण काढला. 2008मध्ये क्लॉप डॉर्टमुंडला गेले आणि जाताना या एकोणीस वर्षांच्या पोराला बरोबर घेऊन गेले.

इथे थोडं थांबतो, कारण पुढची तीन वर्षं मला फार प्रिय आहेत. डॉर्टमुंड तेव्हा अडचणीतला क्लब होता. क्लॉप येण्याआधीच्या मोसमात त्यांनी 34 सामन्यांत 62 गोल खाल्ले होते. क्लॉपनी सुबोतिचच्या जोडीला माट्स हुमेल्स उभा केला. हुमेल्सचा जन्म 16 डिसेंबर 1988चा, म्हणजे दोघांत अंतर अवघ्या सहा दिवसांचं. मधला बचाव हे अनुभवी माणसांचं ठिकाण मानलं जातं आणि इथे दोन पोरं उभी. जर्मन वर्तमानपत्रांनी त्यांना किंडररीगल म्हणायला सुरुवात केली. त्या नावाचं एक चॉकलेट आहे, आणि रीगल म्हणजे दाराची कडी. पोरांची कडी.

त्या कडीने काय केलं, ते आकडेच सांगतात. पहिल्याच मोसमात 62चे 37 झाले. 2010-11मध्ये 34 सामन्यांत फक्त 22 गोल, सगळ्या बुंडेसलिगात सर्वांत कमी, आणि डॉर्टमुंड 2002नंतर पहिल्यांदा विजेते. हुमेल्स चेंडू पायात घेऊन शांतपणे पुढे यायचा, लांबचा पास द्यायचा. त्याने मागे सोडलेली जागा भरायची सुबोतिचने. हवेतला चेंडू त्याचा. 1 मीटर 93 सेंटिमीटर उंची, आणि डोकं घालायला कधी मागेपुढे पाहिलं नाही. संघ गमावलेल्या चेंडूवर तुटून पडायचा, त्यामुळे मागे मैदानाचा मोठा पट्टा उघडा राहायचा आणि तो राखायला दोघंच. हे काम करणाऱ्याची एक चूक सगळ्यांना दिसते.

विजेतेपदाच्या रात्री डॉर्टमुंडच्या रस्त्यांवर माणसांचा पूर आला होता. सुबोतिच त्यातच शिरला आणि एका मोटारीच्या टपावर उभा राहून, अंगातला शर्ट काढून, लोकांबरोबर गात राहिला. त्यांच्या मैदानाच्या दक्षिण बाजूला जवळजवळ 25,000 माणसं उभी राहून सामना बघतात. पिवळी भिंत म्हणतात तिला. ती अख्खी भिंत त्या रात्री रस्त्यावर होती आणि त्यांच्या मधोमध हा. पुढच्या वर्षी पुन्हा लीग जिंकली आणि जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्नला 5-2 हरवलं.

राष्ट्रीय संघाचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. अमेरिकेने 2007च्या वीस वर्षांखालील विश्वचषकासाठी त्याला घेतलं नाही. पुढे तो क्लबात चमकायला लागल्यावर अमेरिका, बॉस्निया, सर्बिया असे सगळेच दरवाजे उघडे झाले. त्याने सर्बिया निवडली. अमेरिकेत तेव्हा पुष्कळ लोक चिडले, आमच्या पैशावर शिकला आणि गेला म्हणाले. मला तो राग पटत नाही. एका माणसाला तीन देशांनी घडवलं असेल तर त्याने कुणाची जर्सी घालायची, हे त्याच्याशिवाय कोण ठरवणार? सर्बियाकडून तो 36 सामने खेळला आणि 2010च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात जर्मनीला 1-0 हरवणाऱ्या संघात तो होता.

वेम्बलीच्या सामन्यानंतर साडेपाच महिन्यांनी, नोव्हेंबर 2013मध्ये, वोल्फ्सबुर्गविरुद्ध त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. मोसम संपला. तो परत आला, खेळलाही, पण पहिल्यासारखी जागा पुन्हा मिळाली नाही. मग कोलोन, फ्रान्समध्ये सेंतेतिएन, पुढे युनियन बर्लिन, तुर्कस्तानात देनिझलीस्पोर, शेवटी ऑस्ट्रियात आल्टाख. युनियन बर्लिनबद्दल एवढं सांगायलाच हवं की त्या क्लबचं मैदान पडायला आलं तेव्हा दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी स्वतः वाळू-सिमेंट उचलून ते बांधून काढलं. सुबोतिचसारख्या माणसाला असं घर शोभून दिसलं.

त्याच्यासारखा माणूस असं म्हणालो, त्याचं कारण आता सांगतो. 2012 साली, यशाच्या शिखरावर असताना, चोविशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्याने स्वतःच्या नावाची संस्था काढली. काम एकच, पिण्याचं पाणी आणि शौचालयं, तेही मुख्यतः इथिओपियाच्या उत्तरेला तिग्रे प्रांतातल्या गावांत आणि शाळांत. लोकांनी दिलेला सगळा पैसा कामावरच खर्च व्हायचा, कचेरीचा खर्च त्यातून काढायचा नाही, हा नियम. मोठं घर, गाड्या यांतून मन उडालं, हे त्याने मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे. सुट्टी लागली की तो तिग्रेला जायचा, गावकऱ्यांबरोबर बसायचा. कुठे बोअर घ्यायचं, पंप बिघडला तर कोण बघणार, पैसे कोण गोळा करणार, हे सगळं त्याने शिकून घेतलं.

मराठवाड्यातल्या श्रोत्यांना हापसा काय असतो ते ठाऊक आहे. हंडा घेऊन कोण जातं आणि कुणाची शाळा बुडते, तेही ठाऊक आहे. आफ्रिकेत अनेक देशांत खोल बोअरवर जो हातपंप बसवतात, इंडिया मार्क टू, त्याचा उगम आपल्या जालना आणि सोलापूरच्या हापशांत आहे. तिग्रे दूर आहे खरं, पण पाण्याचा प्रश्न तोच आणि त्यावरचा उपाय तर आपल्याच घरचा.

2020च्या नोव्हेंबरमध्ये त्याच तिग्रेत युद्ध पेटलं. दोन वर्षं चाललं. लाखो माणसं घरदार सोडून पळाली. संस्थेने केनिया आणि टांझानियातही काम सुरू केलं, पण तिग्रे तिने सोडलं नाही. बान्या लुकाहून आईवडिलांच्या कडेवर बसून निघालेल्या माणसाने ती दोन वर्षं कशी काढली असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

वेम्बलीचा तो सामना डॉर्टमुंडने गमावला, हे सांगायचं राहिलं. 89व्या मिनिटाला त्याच रॉबेनने गोल केला. 2-1. म्हणून तो पाय फारसा कुणाच्या आठवणीत नाही. इंटरनेटवर तो तुकडा सापडतो, 72व्या मिनिटाच्या आसपासचा. सापडला तर बघा. पहिल्यांदा नजर चेंडूवरच जाईल, ते साहजिक आहे. मग मागे घेऊन पुन्हा लावा आणि या वेळी चेंडू सोडून फक्त तो कुठून पळत येतो तेवढं पाहा.

नमस्कार.