रोज 180 वेळा टाच खाली: संशोधनातला व्यायाम रुग्णापर्यंत नेताना

नमस्कार. आज बोलण्याआधी एक व्यायाम दाखवते.

(पायरीवर चढून) चवडे पायरीच्या कडेवर, टाचा हवेत. दोन्ही पायांवर वर यायचं. आता चांगला पाय अलगद उचलून घ्यायचा, सगळं वजन दुखऱ्या पायावर, आणि टाच हळू... अगदी हळू... पायरीच्या खाली जाऊ द्यायची. वर येताना पुन्हा चांगल्या पायाचा आधार. दुखरा पाय फक्त खाली जायचं काम करतो.

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जी जाड दोरी असते, अकिलीस टेंडन, तिच्या जुनाट दुखण्यावरचा हा व्यायाम. फिजिओ झालेल्या प्रत्येकाला पाठ असतो. किती वेळा करायचा, तेही पाठ असतं: गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन सेट, गुडघा थोडा वाकवून 15 चे तीन सेट, आणि हे सगळं दिवसातून दोनदा. म्हणजे रोज 180 वेळा, आठवड्याचे सातही दिवस, 12 आठवडे.

हा 180 आकडा कुठून आला, हे मी शिकताना कधी विचारलंच नाही. छापील कागद द्यायचे आणि पुढच्या रुग्णाला बोलवायचे.

एक बाई आल्या होत्या. दिवसभर खुर्चीतलं काम, सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाकणं नको व्हायचं. त्यांनाही तोच कागद दिला. तीन आठवड्यांनी आल्या, पर्समधून कागद काढला, चार घड्या घातलेला, अगदी कोरा करकरीत. म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू? चार दिवस केलं. पाचव्या दिवशी पाय इतका भरून आला, की परत हिंमतच झाली नाही." मी तेव्हा त्यांनाच समजावत बसले, की नियमितपणा हवा. चूक माझी होती. ती समजायला मला या व्यायामाचा मूळ संशोधन-पेपर उघडावा लागला.

स्वीडनमधले डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात हा व्यायाम करणारे लोक होते 15. सगळे हौशी खेळाडू, बरेच दिवस दुखणं अंगावर काढलेले, नेहमीच्या उपचारांनी बरे न झालेले. 12 आठवड्यांनी ते सगळेच्या सगळे पूर्वीसारखे धावायला लागले. फार मोठी गोष्ट होती ती. दुखरं टेंडन विश्रांतीला ठेवण्याऐवजी त्यावर मुद्दाम वजन टाकायचं, हा विचारच तेव्हा धाडसाचा होता.

पण त्याच पेपरात दुसऱ्या दोन गोष्टी आहेत. तुलनेसाठीचा गट चिठ्ठ्या टाकून, नशिबावर पाडलेला नव्हता. आणि 180 ऐवजी 90 केले तर काय होईल, हा प्रश्न त्या अभ्यासात कुणी विचारलेलाच नव्हता. 180 हा आकडा त्यांनी वापरला, एवढंच. तो लागतोच, असं त्यातून सिद्ध होत नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर आपण क्लिनिकमध्ये फार सहज विसरतो.

नंतरची कामं बघा. 2007 मध्ये खेळाशी संबंध नसलेल्या, बैठ्या जीवनशैलीच्या 34 रुग्णांना हाच व्यायाम दिला गेला, तर 44 टक्के लोकांना फरक पडला नाही. माझ्या त्या बाई 1998 च्या पेपरातल्या नव्हत्याच, त्या या पेपरातल्या होत्या! 2014 मध्ये 28 रुग्णांचे दोन गट केले: एकाने रोज 180, दुसऱ्याने झेपतील तेवढे. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधायला नकोत, पण झेपत नाही म्हणणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी तो आठवायला हवा. मग 2015 चा अभ्यास, 58 रुग्णांचा. एका बाजूला रोजचा टाच खाली नेण्याचा व्यायाम, दुसऱ्या बाजूला आठवड्यातून तीनच दिवस, पण जड वजनाने आणि संथ गतीने, एकेका वेळेला सहा सेकंद. दोन्ही गट सुधारले. पण ठरलेला व्यायाम प्रत्यक्षात किती झाला? रोजच्या गटात 78 टक्के, तीन दिवसांच्या गटात 92.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कागदावरचा व्यायाम टेंडनपर्यंत पोहोचत नाही, केलेलाच पोहोचतो.

आता कुणी म्हणेल, मग पेपर वाचायचेच कशाला, अनुभव आहे की. मला हे अजिबात पटत नाही. कंबर धरली की आठवडाभर झोपून राहा, हा सल्ला अनुभवातूनच आला होता. 1986 मध्ये 203 रुग्णांवर तपासलं: दोन दिवस विश्रांती आणि सात दिवस विश्रांती. बरं वाटण्यात फरक नाही, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस 45 टक्के कमी बुडाले. बहुतेकांची कंबर आपोआपच सुधारत जाते, श्रेय मात्र अंथरुणाला मिळत होतं. क्लिनिकमध्ये बसून हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण न झोपलेला रुग्ण समोर नसतो.

मग पेपर आणि अनुभव यांचा मेळ कसा घालायचा? पुराव्यावर आधारित उपचारांचा आग्रह धरणारे डॉक्टर डेव्हिड सॅकेट यांनी 1996 मध्ये लिहिलं: संशोधनातला उत्तम पुरावा, उपचार करणाऱ्याचं कौशल्य आणि रुग्णाला काय हवंय, हे एकत्र आणायचं. तिसरा भाग आपण बरेचदा गाळतो. पेपर शोधायला पेड्रो नावाचा फिजिओथेरपीच्या संशोधनाचा डेटाबेस आहे, 1999 पासून मोफत. तिथे उपचारांची तुलना करणाऱ्या प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण असतात. मात्र ते गुण चाचणी किती काळजीपूर्वक केली त्याचे आहेत, व्यायाम किती गुणकारी त्याचे नाहीत.

तर त्या बाईंचं काय केलं? आधी मोजलं. एका पायावर उभं राहून टाच किती वेळा उचलता येते: चांगल्या पायावर 19, दुखऱ्यावर 6. मग आठवड्यातून तीन दिवस, सहा सेकंदांची संथ लय. अभ्यासात जिमची यंत्रं होती, त्यांच्याकडे नव्हती, म्हणून पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या. दुखण्याचा नियम 2007 च्या एका अभ्यासातून घेतला: व्यायाम करताना दहापैकी पाचापर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर एक बाटली कमी.

या वेळी कागद परत आला तो पेनाच्या खुणांनी भरलेला. दोन ठिकाणी लिहिलं होतं, "आज बाटली काढली." 12 आठवड्यांनी 6 चे 14 झाले होते. अजून पाचाचा फरक आहे, म्हणून सॅक अजून चालू आहे.