नोकरी जाते तेव्हा दिवसाचं काय होतं

श्रोतेहो, नमस्कार.

बेरोजगारीचा दर घसरला, अशी बातमी आली की बरं वाटतं. पण हा दर काढतात कसा? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येप्रमाणे, पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केलं, तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. बेरोजगार म्हणवून घ्यायला तीन अटी आहेत: हाताला काम नाही, अलीकडच्या महिनाभरात शोध घेतला आहे, आणि मिळालं तर लगेच करायची तयारी आहे. आता साधा हिशेब करू. शंभरांत दहा बेरोजगार, म्हणजे दर 10 टक्के. त्या दहांपैकी चौघांनी धक्के खाऊन शोधणंच सोडलं. ते श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या मोजणीच्या, बाहेर गेले. राहिले शहाण्णव, त्यांत बेरोजगार सहा. दर झाला सव्वासहा टक्के! नोकरी एकालाही लागली नाही, पण आकडा सुधारला.

हे चौघे शोधणं का सोडतात? आळस, हे उत्तर सोपं आहे आणि बहुधा चुकीचं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या वस्तीत याचा फार बारकाईने अभ्यास झाला. 1930 च्या आसपास, जागतिक मंदीत, तिथली कापडगिरणी बंद पडली. 478 कुटुंबांपैकी 367 कुटुंबांत एकालाही नियमित काम उरलं नाही. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांच्या गटाने 1931-32 च्या हिवाळ्यात तिथे पाहणी केली.

हाताशी वेळच वेळ आहे, तर लोक जास्त वाचतील असं कुणालाही वाटेल. वस्तीच्या वाचनालयाची नोंदवही वेगळंच सांगत होती. 1929 ते 1931 या काळात पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, तेही वर्गणी माफ केलेली असताना. मग संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल लपून टिपली. पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत. बायका भरभर चालत, कारण त्यांचा पगार गेला होता, काम नव्हे. चूल, धुणं, मुलं तशीच होती. पुरुषांना दिवसभराचा तासवार तक्ता भरायला दिला, तर उठणं, जेवणं आणि झोपणं यांच्या मधले तास कुठे गेले हे त्यांना सांगता येईना.

याहोडा यांनी पुढे यावरून एक मांडणी केली. पगाराखेरीज नोकरी पाच गोष्टी नकळत देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांसोबतचं एखादं उद्दिष्ट, समाजात ओळख, आणि हातपाय हलते ठेवण्याची सक्ती. नोकरी गेली की पाचही एकदम जातात. बचत काही महिने पुरते; वेळापत्रक मात्र पहिल्याच सोमवारी कोलमडतं.

म्हणून 'मन खंबीर ठेवा' एवढाच सल्ला देणाऱ्यांनी त्याच पाहणीतला दुसरा आकडा बघावा. उमेद टिकवून असलेल्या कुटुंबांचं उत्पन्न दर प्रौढ माणशी महिन्याला सरासरी 34 शिलिंग (ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन) होतं, निमूटपणे दिवस ढकलणाऱ्यांचं 30, हताश झालेल्यांचं 25, आणि पार ढासळलेल्यांचं 19. मनाच्या उभारीलाही पैशाचा टेकू लागतो.

बेकारी भत्त्याचे नियम कसे असावेत, हाही याच मुद्द्याचा भाग. मारिएनथालमध्ये किरकोळ कामाबद्दलही भत्ता बंद होई. वाद्य वाजवून चार नाणी मिळवली तरी! अशा नियमाने सरकारचे पैसे थोडेफार वाचतात, पण माणूस काहीही करायला घाबरू लागतो. भत्ता एकदम तोडण्याऐवजी कमाईच्या प्रमाणात हळूहळू कमी करावा. तेवढ्याने ही भीती बरीच कमी होते.

प्रशिक्षणवर्गांचंही तसंच. वर्गाच्या शेवटी नोकरी नसेल, तर तिसऱ्या प्रमाणपत्रानंतर माणूस पहिल्यापेक्षा जास्त खचतो. मारिएनथालच्याच परिसरात ऑक्टोबर 2020 पासून रोजगार हमीचा प्रयोग झाला. वर्षभराहून जास्त काळ बेकार असलेल्यांना आधी दोन महिन्यांची तयारी आणि मग पगारी कामाची हमी, सगळं ऐच्छिक. मिळकत वाढलीच, शिवाय वेळेची घडी बसली आणि माणसांत ऊठबस सुरू झाली, असं मूल्यमापनात दिसलं.

सरकार काही करेल तेव्हा करेल. तोवर घरात काय करता येईल? पहिल्या आठवड्यात तासातासाची नोंद ठेवा. कुणाला दाखवायला नाही, वेळ कुठे गळतो ते कळायला. उठण्याची वेळ नोकरीत होती तीच ठेवा. नोकरीचा शोध सकाळी दोन-तीन तासांत आटपा. दिवसभर पडद्यासमोर बसून अर्ज जास्त जात नाहीत, फक्त नकाराची वाट जास्त पाहिली जाते. कुठे अर्ज केला, कधी, कुणाशी बोलणं झालं, पुन्हा कधी विचारायचं, हे वहीत लिहा. आठवड्यातून किमान दोनदा असं काम घ्या, जिथे तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडेल: एखाद्याची शिकवणी, एखाद्या संस्थेचा हिशेब. कुणी वाट पाहत नसेल तर तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद होतं.

घरच्यांसाठीही एक. 'आज काही झालं का?' हा प्रश्न रोज संध्याकाळी विचारू नका. आठवड्यातला एक दिवस ठरवा, वही आणि घरखर्च समोर ठेवून अर्धा तास बोला, आणि मग विषय पुढच्या आठवड्यापर्यंत बंद. नोकरी गेलेला माणूस घरात आहे म्हणून सगळी घरकामं त्याच्या गळ्यात घालू नका, आणि एकही न देणं तर त्याहून वाईट. दोन-तीन कामं नेमून द्या, आणि ती झाली नाहीत तर परक्या माणसाला विचारावं तसं सरळ विचारा.

नमस्कार.