एक हार माफ: ओमाहा आणि कॉलेज बेसबॉलची गोष्ट

नमस्कार मंडळी. मी 2008 ते 2012 नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात नोकरीला होतो. अमेरिकेच्या नकाशावर अगदी मधोमध, चारी बाजूंनी मक्याची शेतं, असं हे शहर. दरवर्षी जून महिना आला की तिथे कॉलेजच्या पोरांची बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा भरते, तिला कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात, आणि ते दोन आठवडे शहर दुसरं काही बोलतच नाही. तिथेच मला या खेळाचं वेड लागलं ते आजपर्यंत सुटलेलं नाही. आज मी तुम्हाला बेसबॉलचे सगळे नियम सांगणार नाहीये, मला एकच गोष्ट नीट समजावून सांगायचीय, ती म्हणजे या स्पर्धेची रचना, कारण माझ्या मते कुठल्याही स्पर्धेची रचना त्या खेळाच्या स्वभावाला इतकी फिट बसलेली मी दुसरीकडे बघितली नाही.

आपल्याला दोन पद्धती माहीत आहेत, साखळी आणि बाद. साखळीत सगळे सगळ्यांशी खेळतात, बाद फेरीत हरलात की बॅग भरा. इथे आहे तिसरी, डबल एलिमिनेशन. म्हणजे एक हार माफ, दुसऱ्या हारेला घरी. आयपीएलमध्ये पहिला क्वालिफायर हरलेल्या टीमला आणखी एक मॅच मिळते ना, ती कल्पना घ्या आणि ती प्रत्येक टीमला लावा.

चार टीमचा गट असतो. शुक्रवारी दोन मॅच. शनिवारी हरलेल्या दोघी एकमेकींशी, त्यात जी हरली ती गेली, आणि जिंकलेल्या दोघी एकमेकींशी. रविवारी दुपारी शनिवारची जिंकलेल्यांमधली हरलेली टीम आणि हरलेल्यांमधली जिंकलेली टीम यांची गाठ पडते, त्यातून जी वाचते तिला त्याच संध्याकाळी अजून एकदाही न हरलेल्या टीमशी खेळायचं असतं, आणि तिथे जर तिने त्या अजिंक्य टीमला हरवलं तर दोघींच्या खात्यावर एकेक हार झाली, मग सोमवारी शेवटचा निकाल. कागदावर काढून बघा, दोन मिनिटांत डोक्यात बसेल. आता हिशोब करा. शुक्रवारी हरलेली टीम गट जिंकू शकते का? शकते, पण तिला ओळीने चार मॅच जिंकाव्या लागतात, तीन दिवसांत.

आणि इथे बेसबॉलचा स्वभाव मधे येतो. क्रिकेटमध्ये वनडेत एका बोलरला दहा ओव्हर, साठ बॉल. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर, ज्याला स्टार्टर म्हणतात, तो एका मॅचमध्ये शंभराच्या आसपास बॉल टाकतो, तेही धावत येऊन नाही, एका जागी उभं राहून, सगळा जोर खांदा आणि कोपरावर. त्यानंतर त्याला चार-पाच दिवस विश्रांती लागते, कॉलेजमध्ये तर बहुतेक वेळा आठवडाच, कारण त्यांच्या सीझनच्या महत्त्वाच्या मॅच शुक्रवार, शनिवार, रविवार अशा असतात. म्हणून तिथले लोक टीममधल्या सगळ्यात चांगल्या पिचरला सरळ फ्रायडे पिचर म्हणतात. बहुतेक टीमकडे खरोखर भरवशाचे स्टार्टर असतात तीन. मग हरलेल्यांच्या बाजूने चढत आलेली टीम रविवारी संध्याकाळी चौथ्या मॅचला उभी राहते तेव्हा बॉल कोणाच्या हातात द्यायचा? दुसरी संधी मिळते खरी, तिची किंमत पिचरच्या हाताने मोजावी लागते. मला या रचनेत हेच सगळ्यात आवडतं. एका दिवशी नशीब फिरलं म्हणून चांगली टीम बाहेर जात नाही, पण परत यायचं असेल तर शेवटच्या बाकावरच्या पोरानेही काहीतरी करून दाखवावं लागतं.

आता थोडा इतिहास. पहिली स्पर्धा 1947 साली झाली, फायनल मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावात. एकूण आठच टीम, दोन ठिकाणी चार-चारची बाद फेरी, आणि दोन विजेत्यांमध्ये तीनपैकी दोन जिंका अशी फायनल. कॅलिफोर्नियाने येलला दोन्ही मॅचमध्ये हरवलं. येलच्या त्या टीमचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसजवळचा फील्डर, होता जॉर्ज बुश, तोच जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, थोरला बुश. पुढच्या वर्षी तो येलचा कॅप्टन होता, परत फायनलला पोचले आणि परत हरले, तेव्हा सदर्न कॅलिफोर्नियाकडून. 1949 ला स्पर्धा कॅन्ससमधल्या विचिटाला गेली आणि 1950 ला ओमाहाला आली, ती तिथेच राहिली. 2020 साली कोरोनामुळे भरलीच नाही, तो एक अपवाद. ज्या स्टेडियममध्ये ती भरायची त्याला नंतर जॉनी रोझेनब्लॅट यांचं नाव दिलं. हे शहराचे महापौर होते आणि त्या स्टेडियमसाठी खूप झटलेले.

1950 पासून 1987 पर्यंत ओमाहात आठ टीमचं सलग डबल एलिमिनेशन चालायचं, शेवटपर्यंत. त्यात अडचण अशी की फायनल नक्की कोणत्या दिवशी हे आधी सांगताच यायचं नाही, अजिंक्य टीम शेवटी हरली की आणखी एक मॅच. टीव्हीवाल्यांना हे कसं चालणार? त्यांना ठरलेला दिवस, ठरलेली वेळ पाहिजे. म्हणून 1988 पासून आठ टीमचे चार-चारचे दोन गट केले आणि दोन गटविजेत्यांची एकच मॅच, तीच फायनल. टीव्हीची सोय झाली, पण मला विचाराल तर खेळावर अन्याय झाला. कारण जी टीम एकदाही न हरता फायनलला आली ती एका मॅचमध्ये हरली तर संपलं, म्हणजे स्पर्धाभर प्रत्येकाला एक हार माफ आणि सगळ्यात मोठ्या दिवशी मात्र कोणालाच नाही. ही चूक 2003 ला सुधारली, फायनल परत तीनपैकी दोनची केली. त्या वर्षी राइस युनिव्हर्सिटीने स्टॅनफर्डला तिसऱ्या मॅचमध्ये 14-2 असं हरवलं, आणि दुसरी मॅच त्यांनी हरलेली होती, म्हणजे बदलाचा उपयोग पहिल्याच वर्षी दिसला.

एका मॅचच्या फायनलने काही क्षण असे दिले की लोक अजून विसरत नाहीत, हेही मान्य केलं पाहिजे. 1996, लुइझियाना स्टेट विरुद्ध मायामी. शेवटची म्हणजे नववी इनिंग (एका इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात, तिघे बाद झाले की पाळी संपते), दोघे बाद, लुइझियाना स्टेट एका रनने मागे, बेसवर त्यांचा एक भिडू (तिन्ही बेसवरून फिरून परत घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, पोचला की एक रन), आणि बॅटिंगला वॉरेन मॉरिस. याच्या हाताचं एक छोटं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, अर्धा सीझन बाहेर बसलेला, वर्षभरात एकही होमरन, म्हणजे आपल्या सिक्ससारखा कुंपणापलीकडचा फटका, नाही. पहिलाच बॉल, त्याने उजवीकडे मारला, बॉल उंच गेलाच नाही, सरळ रेषेत जाऊन कसाबसा कुंपणापलीकडे पडला. 9-8. मायामीची पोरं होती तिथे गवतावर पालथी पडली.

तर सध्याची रचना अशी. 1999 पासून देशभरातून 64 टीम निवडल्या जातात. त्यांचे 16 गट, मघाशी सांगितलं तसे चार-चारचे, त्यांना रीजनल म्हणतात. तिथून निघालेल्या 16 टीमच्या आठ जोड्या, सुपर रीजनल, तीनपैकी दोन. मग आठ टीम ओमाहाला, दोन गट, परत डबल एलिमिनेशन, आणि शेवटी तीनपैकी दोनची फायनल. यात मोठ्यांनाही धक्के बसतात. 2008 ला फ्रेस्नो स्टेटला त्यांच्या रीजनलमध्ये चारपैकी चौथा नंबर दिलेला होता, सीझनभरात 31 मॅच हरलेली टीम ती, आणि तीच शेवटी चॅम्पियन झाली.

पण मला खरं सांगायचंय ते 2010 चं, कारण ते मी स्वतः बघितलंय. रोझेनब्लॅट स्टेडियमचं ते शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षीपासून स्पर्धा डाउनटाउनमधल्या नव्या स्टेडियमला जाणार होती. जुनं स्टेडियम एका टेकाडावर, शेजारी प्राणिसंग्रहालय, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमधले लोक आपल्या घरापुढच्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू द्यायचे. आम्हीही एका आजींच्या अंगणात गाडी लावायचो, त्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या आणि आल्यागेल्याला विचारायच्या, कोण जिंकलं?

त्या वर्षी साउथ कॅरोलायनाची टीम पहिलीच मॅच ओक्लाहोमाकडून 4-3 हरली. माफ असलेली एकुलती एक हार पहिल्याच दिवशी वापरून झाली. मग त्यांनी अॅरिझोना स्टेटला हरवलं आणि परत समोर ओक्लाहोमा. ती मॅच 12 इनिंगपर्यंत गेली, साउथ कॅरोलायना मागे, दोघे बाद, जॅकी ब्रॅडली ज्युनियरवर दोन स्ट्राइक, म्हणजे आणखी एक चुकला की स्पर्धा संपली. त्याने तो बॉल मारून बरोबरी केली आणि त्याच इनिंगमध्ये टीमने मॅच जिंकली. आता दुसऱ्या दिवशी क्लेमसन, त्याच राज्यातले जुने कट्टर वैरी, आणि क्लेमसन गटात एकदाही हरलेली नाही. म्हणजे त्यांना दोनदा हरवायचं, दोन दिवसांत, तेही आदल्या रात्री 12 इनिंग खेळून पिचर दमलेले असताना.

कोचने बॉल दिला मायकल रॉथच्या हातात. हा डावखुरा, खांद्याखालून आडवा हात फिरवून टाकणारा, सीझनभर शेवटी येऊन दोन-चार बॅटरना बाद करून परत जाणारा पिचर. स्टार्टर म्हणून त्याला कोणी धरलंच नव्हतं. त्याने तीन-चार इनिंग काढल्या तरी खूप, असं आमच्या आजूबाजूचे सगळे बोलत होते. त्याने सगळ्या नऊ इनिंग टाकल्या. क्लेमसनला फक्त तीन हिट, म्हणजे बेसवर पोचवणारे फटके, मिळाले, 5-1. दुसऱ्या दिवशी क्लेमसनला परत हरवलं, 4-3, आणि फायनलच्या दुसऱ्या मॅचला, 29 जूनला, चारच दिवसांनी, परत रॉथच स्टार्टर.

त्या रात्री मी मैदानाच्या मागच्या बाकांवर होतो. समोर यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसची कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी, आणि फायनलची पहिली मॅच साउथ कॅरोलायनाने जिंकलेली. 1-1 अशी बरोबरी, अकरावी इनिंग. साउथ कॅरोलायनाचा स्कॉट विंगो चार खराब बॉलवर फर्स्ट बेसला गेला, एक बॉल कॅचरच्या, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारख्या खेळाडूच्या, हातून निसटला तेव्हा सेकंडला, मग एवन मार्झिलीने बंट केला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून बॉल हळूच जवळ टाकला, स्वतः बाद झाला आणि विंगोला थर्डवर पोचवलं. यूसीएलएचे सगळे फील्डर पुढे आले, कारण मागे लांब उडालेला बॉल झेलला तरी रन थांबणार नव्हता. व्हिट मेरिफील्डने उजवीकडे मारला, बॉल गवतावर पडला, विंगो घरी आला. साउथ कॅरोलायनाची बेसबॉलमधली ही पहिलीच राष्ट्रीय ट्रॉफी. पोरं एकमेकांवर उड्या मारून ढीग करून पडली होती आणि बराच वेळ कोणी स्टेडियममधून उठतच नव्हतं, साठ वर्षांची जागा सोडवत नव्हती लोकांना. आम्ही बाहेर आलो तर आजी अजून खुर्चीतच. त्यांनी त्या रात्री पार्किंगचे पैसे घेतले नाहीत.

याची काळी बाजूही सांगतो, कारण ती लपवून या रचनेचं कौतुक करणं बरोबर नाही. 2009 ला टेक्सास आणि बॉस्टन कॉलेजची एक रीजनल मॅच 25 इनिंग चालली, सात तासांहून जास्त, आणि टेक्सासच्या ऑस्टिन वूडने त्यात 13 इनिंग टाकल्या, 169 बॉल. 2018 ला ओरेगन स्टेटही ओमाहातली पहिली मॅच हरली आणि शेवटी चॅम्पियन झाली, तिथे केविन एबल या पहिल्या वर्षाच्या पोराने एकट्याने चार मॅच जिंकून दिल्या, शेवटच्या मॅचमध्ये 129 बॉल टाकले. पुढच्या वर्षी त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं. या दोन गोष्टींचा थेट संबंध मी लावत नाही, पण एकोणीस वर्षांच्या मुलाला मैदानातून बाहेर काढण्याचा निर्णय त्या मुलावर सोडता येत नाही, तो नाही म्हणणारच नाही. एका स्पर्धेत एका पिचरने किती बॉल टाकावेत याला कडक मर्यादा असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे, मग त्याने एखाद-दुसरी अशी कहाणी कमी झाली तरी चालेल.

शेवटी मघाशी एक प्रश्न आला होता, बघायचं असेल तर कुठून सुरुवात करू. ओमाहातली संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमाराला लागते, उठणं होत असेल तर जूनच्या उत्तरार्धात जरूर बघा. पण पहिली मॅच बघायची तर मी म्हणेन, त्याआधीच्या रीजनलच्या रविवारची बघा. हरलेल्यांच्या बाजूने आलेली टीम शोधा, आणि स्कोअर राहू दे, कुंपणाच्या कडेला वॉर्मअप करायला कोण उठलाय तेवढं बघत राहा.