प्लगइन मोडलं, तर दार कुणाचं वाजवायचं?

(पुण्यात विद्यार्थी आणि प्रोग्रॅमर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी एखादं तरी प्लगइन, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं असेल असं धरून चालतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून नकाशांच्या क्यूजीआयएसचं किंवा थ्रीडी चित्रांच्या ब्लेंडरचं प्लगइन लिहायचं, गिटहबवर चढवायचं आणि व्हायवा झाली की विसरायचं, ही आपल्या कॉलेजांची जुनी रीत. ते विसरणं मी समजू शकतो. पण तुम्ही विसरलात तरी कुणीतरी ते वापरत असतो, आणि एक दिवस ते चालेनासं होतं.

या व्यवहारात तिघं असतात. मूळ सॉफ्टवेअर लिहिणारे, त्यावर प्लगइन लिहिणारा तिऱ्हाईत, आणि डेबियन, फेडोरा, उबुंटू या लिनक्सच्या डिस्ट्रोंसाठी, म्हणजे तयार संचांसाठी, दोन्हींची पॅकेजं (इन्स्टॉल करायची गाठोडी) बांधणारा पॅकेजर. तिघांची कॅलेंडरं वेगळी. उबुंटू एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतं, फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी, डेबियन दोनेक वर्षांनी. मूळ प्रकल्प त्याच्या सवडीनं येतो. प्लगइनवाल्याला तर कॅलेंडरच नसतं. त्याला रविवार असतो.

फोटो सुधारायच्या गिंप या सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळं आहे. गिंप २.१० एप्रिल २०१८ मध्ये आलं. त्यातली पायथनमधली प्लगइनं पायथन २ वर चालत. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला. जिला सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, मिळणार नाहीत अशी भाषा डिस्ट्रोनं पुढची पाच वर्षं का सांभाळावी? उबुंटू २०.०४ मधून ही प्लगइनं चालवणारं गिंप-पायथन हे पॅकेज गेलं, डेबियन ११ मध्येही ते नव्हतं.

आता शनिवार पेठेतला एखादा लग्नपत्रिका करणारा डोळ्यांसमोर आणा. फोटोतली विजेची तार पुसायला तो रिसिंथेसायझर या गिंपच्या प्लगइनचं ‘हील सिलेक्शन’ वापरतो. या प्लगइनचं गणित करणारं इंजिन सी भाषेत आहे, पण मेनूत दिसणारी ‘हील सिलेक्शन’ची ओळ एका पायथन स्क्रिप्टमधून येते. उबुंटू अपडेट केलं. इंजिन जागेवर, मेनूतली ओळ गायब. त्यानं कुणाकडे जायचं? गिंपवाले म्हणणार, पायथन ३ आमच्या ३.० मध्ये येतंय. पॅकेजर म्हणणार, पायथन २ ठेवता येत नाही. प्लगइनवाला म्हणणार, मी एक अक्षर बदललेलं नाही. तिघंही खरं बोलतायत, आणि पत्रिकेवाला तार हातानं पुसतोय. डिस्ट्रोबाहेरून सगळं एकत्र बांधून सॉफ्टवेअर देणाऱ्या फ्लॅटपॅकवाल्यांनी पायथन २ आपल्या गाठोड्यातच बांधून दिलं होतं, त्यामुळे तिथे ते चालत राहिलं. पण हे पत्रिकेवाल्याला सांगणार कोण?

गिंप ३.० आलं १६ मार्च २०२५ ला. गंमत बघा, डेबियन १३ साठीच्या फ्रीझचा, म्हणजे बाहेर पडण्याआधी बदल थांबवण्याचा, पहिला टप्पा सुरू झाला १५ मार्चला. एका दिवसानं गाडी चुकायला हवी होती. चुकली नाही, कारण नोव्हेंबर २०२४ पासून गिंपचे रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळजवळ अंतिम आवृत्त्या, येत होते आणि डेबियनच्या पॅकेजरांनी ते तेव्हाच आत घेतले होते. ऑगस्टमध्ये डेबियन १३ बाहेर पडलं ते गिंप ३.०.४ घेऊन. या दोघांमधलं जमलं, असंच म्हणायला हवं.

तिसऱ्याचं, म्हणजे प्लगइनवाल्याचं, मात्र राहिलं. २.१० ची प्लगइनं ३.० मध्ये चालत नाहीत. प्रत्येक प्लगइनला स्वतःच्याच नावाचा फोल्डर लागतो, फंक्शनं बदलली, पायथनशी जोडणारा दुवाच नव्यानं बांधला गेला. ‘आम्ही २.९९ या चाचणी-आवृत्त्या २०२० पासून देत होतो’ असं गिंपवाले म्हणू शकतात, आणि ते खरंही आहे. पण त्या काळात एपीआय, म्हणजे प्लगइननं गिंपशी बोलायची ठरलेली पद्धत, बदलत होता. आज लिहिलेलं पुढच्या आवृत्तीत मोडणार असेल, तर फुकटात काम करणारा माणूस थांबणारच. मी असतो तर मीही थांबलो असतो. एपीआय गोठवला कधी आणि डिस्ट्रोचा फ्रीझ कधी, या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे प्लगइनवाल्याला मिळालेला खरा वेळ. तो महिनोन्‌महिने हवा, आणि तो देणं मूळ प्रकल्पाच्याच हातात असतं. प्लगइनांमुळे ज्याचं सॉफ्टवेअर लोकप्रिय होतं, त्यानं हा भार उचलावा. पॅकेजरला शिव्या देणं सोपं असतं, कारण त्याचं नाव पॅकेजवर छापलेलं असतं.

हे नीट कसं करायचं ते पोस्टग्रेस या डेटाबेसकडे बघा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दर वर्षी येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते, हे आधीच ठाऊक असतं. १४ साठी बांधलेलं एक्स्टेंशन (तिथलं प्लगइन) १५ वर चढवायला गेलात तर सर्व्हर ते उघडतच नाही. सर्व्हरची आवृत्ती १५, लायब्ररीची (म्हणजे एक्स्टेंशनची) १४, असं स्पष्ट सांगून नाकारतो. अर्धवट चालून डेटा बिघडवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डेबियनमध्ये पॅकेजच्या नावातच पोस्टग्रेसचा तो आकडा असतो: पोस्टग्रेसक्यूएल-१७-पोस्टजीआयएस-३. दोन मोठ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. पीएचपी या भाषेचंही तसंच, तिथे ‘पीएचपीएपीआय’ नावाचं आभासी, म्हणजे नुसतं नाव आणि आकडा असलेलं, पॅकेज असतं आणि एक्स्टेंशन त्यावर अवलंबून असतं. आकडा बदलला की काय काय पुन्हा बांधायचं याची यादी आपोआप निघते. कुणाला कुणाची आठवण ठेवावी लागत नाही.

पॅकेजरांचीही एक खोड आहे: घरात पॅच लावायचा आणि वर, म्हणजे मूळ प्रकल्पाकडे, पाठवायचा नाही, किंवा पाठवला आणि नाकारला गेला तर वर्षानुवर्षं तसाच वागवायचा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली चोरवाट सापडली. दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या ओपनएसएसएचला मुळात एक्सझेडची लायब्ररी (तयार कोडचा संच) लागतच नाही. मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीला ‘मी सुरू झालो’ एवढं कळवण्यासाठी काही डिस्ट्रोंनी घरचा पॅच लावून एसएसएचडीला (ओपनएसएसएचच्या सर्व्हरला) सिस्टमडीची लायब्ररी जोडली, आणि तिच्या मागून एक्सझेडची आत आली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरनं खोदकाम केलं, म्हणून ते कळलं. पुढे जुलै २०२४ च्या ९.८ मध्ये ओपनएसएसएचनं तो निरोप देण्याची सोय स्वतःच केली, लायब्ररीशिवाय. इतकं छोटं काम होतं!

प्लगइन लिहिणाऱ्यांकडून माझ्या अपेक्षा थोड्या आहेत. रिलीजला टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लावा. ‘मेन ब्रँच (सतत बदलणारा ताजा कोड) उतरवून घ्या’ यावर पॅकेज बांधता येत नाही. लायसन्सची फाइल ठेवा, नाहीतर डेबियन हातही लावणार नाही. बिल्ड होताना, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनताना, इंटरनेटवरून काही ओढू नका, कारण डिस्ट्रोच्या बिल्डला नेट धरून चालता येत नाही. आणि सोडून जायचं असेल तर रीडमीत तसं लिहा. त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याला उचलता येतं.

मघाशी कुणीतरी विचारलं, क्यूजीआयएसला स्वतःचा प्लगइन मॅनेजर आहे, मग पॅकेजर हवेत कशाला? प्रश्न चांगला आहे. क्यूजीआयएसच्या मेटाडेटात, म्हणजे प्लगइनच्या माहितीच्या फाइलीत, किमान आवृत्ती ३.० लिहिली आणि कमाल रिकामी ठेवली, तर ते स्वतःच ३.९९ धरतं, म्हणजे क्यूजीआयएस ४ वर प्लगइन आपोआप चालू होत नाही. मूळ प्रकल्पानं घेतलेली ही शहाणी काळजी. पण प्लगइन तुमच्या होम फोल्डरमध्ये उतरतं आणि मग म्हणतं, मला पायथनची अमुक लायब्ररी हवी. तुम्ही पिप, म्हणजे पायथनच्या लायब्ररी उतरवणारा प्रोग्रॅम, चालवता. डेबियन १२ पासून पिप सांगतं, हे पायथन डिस्ट्रोच्या ताब्यात आहे, इथे हात लावू नका. त्यावर इंटरनेटवर मिळणारा सल्ला म्हणजे ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय जोडा. नावातच सगळं लिहिलंय, तरी लोक जोडतात! त्यापेक्षा प्लगइनला लागणारी लायब्ररी डेबियनच्या स्टेबलमध्ये (बाहेर पडलेल्या स्थिर डेबियनमध्ये) कोणत्या आवृत्तीत आहे ते आधी बघा आणि त्या आवृत्तीवर चालेल असं लिहा. ती तिथे नसेलच, तर पॅकेजची मागणी नोंदवा, आणि आपलं कोणतं प्लगइन तिच्यावाचून अडलंय तेही त्यात लिहा. घ्यायचं की नाही ते ठरवताना पॅकेजर तेच बघतो.